आधी उघडू, मग बोलू

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस सोबत काय काय नेतो बघा. हार नेतो, लिंबू नेतो, पेढे नेतो, आणि गाडीतलं कळतं असा एक मेहुणा नेतो. मेहुणा टायरला लाथ मारतो, बॉनेट उघडून आत बघतो आणि काही कळलं नाही तरी "इंजिन सीलपॅक हाय" म्हणतो. पण चावी अर्धी फिरवून समोरचे दिवे बघणारी माणसं मला आजवर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली.

म्हणून पहिल्यांदा तेच सांगते, बाकीच्या गप्पा मग. चावी अर्धी फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. समोर लाल-पिवळे दिवे लागतात. ते लागलेच पाहिजेत, ती त्यांची हजेरी. गुरुजींनी नाव घेतलं की पोरानं हजर म्हणायचं, तसं. मग इंजिन चालू केलं की एकेक दिवा विझला पाहिजे. जो विझत नाही तो काहीतरी सांगायलाय. आणि जो हजेरीलाच लागत नाही, त्याचं तोंड कुणीतरी बांधलेलं असतं. लोक पहिल्याला घाबरतात. मी दुसऱ्याला घाबरते, आणि का घाबरते ते पुढं येईलच.

मी मानवतची. मोंढ्याकडं, म्हणजे धान्यबाजाराकडं, वळायच्या कोपऱ्यावर आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. लोक मला वायरमनबाई म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शिकले ते गाडीतल्या फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर, हॉर्न, वायपर, हेडलाइट डावा, हेडलाइट उजवा. त्या झाकणाबाहेरचं इंग्रजी मला आजही येत नाही, आणि त्यावाचून कधी अडलंही नाही.

दुकान टाकलं आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. अख्खा तालुका त्यांना मिस्त्री म्हणतो, मीपण तेच म्हणते. तेव्हा मी घरी लेकरू मांडीवर घेऊन स्टार्टरची कॉइल गुंडाळून द्यायचे. मग साखरेनं त्यांची नजर गेली. एकदम नाही. आधी लाल आणि तपकिरी वायर सारखी दिसायला लागली, मग वायरच दिसेना. मी "दोन महिने बसते" म्हणून दुकानात आले, आता केस पिकले. ते दारात लाकडी खुर्ची टाकून बसतात आणि कानानं बघतात. गाडी वळणावर असतानाच सांगतात, "हिचा बेल्ट सैल हाय." मी हातानं बघते. आम्हा दोघांत मिळून एक मिस्त्री होतो.

गिऱ्हाइकं तर काय एकेक सांगावीत. एकानं लागून राहिलेल्या दिव्यावर देवाचं स्टिकर चिकटवलेलं. म्हणलं, "हे कशाला?" तर म्हणतो, "सारखा डोळ्यात येतो, बाई. आता देवच बघंल." स्टिकर काढलं तर ब्रेकचा दिवा. देवाला ब्रेक दाबता येतो का, असं मिस्त्रींनी त्याला विचारलं. तो हसला, पण स्टिकर मात्र जपून खिशात घातलं.

हे झालं हसायचं. आता जे सांगायचंय ते आधी माझ्या चुकीपासून सुरू होतं.

दत्तराव आणि बळीराम ही दोन बांधाला बांध लागून असलेली माणसं. त्यांची सावड होती. सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात पाळीपाळीनं राबायचं, याचे बैल त्याच्या पेरणीला, त्याचे याच्या. आधी कुणाची पेरणी यावरून कधी शब्द झाला नाही. दत्तरावांनी आपली जुनी जीप बळीरामला विकली. चार-सहा महिन्यांनी बळीराम ती घेऊन दुकानात आला, इंजिन खडखडायला लागलं म्हणून.

मी चावी फिरवली. ऑइलचा दिवा हजेरीलाच लागला नाही. म्हणजे इंजिनातलं ऑइल संपलं तरी बळीरामला कळायला मार्गच नव्हता, आणि तसंच झालेलं. शेजारच्या चहाच्या टपरीवर पाच-सहा माणसं बसलेली. मी त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणलं, "बळीराम, तुमाला फसवलं. दिवा मुद्दाम बंद केलाय. विकणाऱ्याला ठाऊक असल्याबिगर असं व्हत न्हाई." माणसं माना डोलवायला लागली, बाईला कळतं म्हणायला लागली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लय बरं वाटलं.

मग मी समोरचं मीटर उघडलं. बल्ब काढलेला होता, होल्डरवर काळी टेप गुंडाळलेली होती, आणि टेपवर पांढरा दोरा.

आपल्याकडच्या उन्हात टेपचा डिंक पाघळतो आणि टेप सुटून येते. म्हणून मिस्त्रींनी मला टेपवर शिवणाचा दोरा बांधायला शिकवलेलं. सात वेढे आणि शेवटी पोत्याला मारतो तशी गाठ. आमच्या दुकानाबाहेर हे कुणी करत नाही.

तो दोरा माझा होता. दोरा दिसला आणि सगळं आठवलं. दत्तरावांच्या घरचं वऱ्हाड निघालेलं, जीपचा ऑइलचा दिवा विझेना. मी तपासलं, ऑइल चांगलं होतं, दिवा लावणारा स्विचच खोटं बोलत होता. नवा स्विच दुकानात नव्हता. वऱ्हाडाला उशीर नको म्हणून मी बल्ब काढला, टेप लावली आणि म्हणलं, "झालं, जावा." आठ दिवसांनी या, हे सांगायचं राहिलं. बल्ब काढलाय हे तर सांगितलंच नाही. दत्तरावांना वाटलं, दुरुस्त झालं.

मी दोरा कापला. बल्ब बसवला, स्विच बदलला. तोंडातून शब्द काढला नाही. बळीराम जीप ओढून गॅरेजला घेऊन गेल्यावर मिस्त्रींनी खुर्चीतून विचारलं, "दोरा कापल्याचा आवाज आला. आपला व्हता का?" मी म्हणलं, "हं." रागावले असते तर बरं झालं असतं.

बळीरामनं भर बाजारात दत्तरावांना लबाड म्हणलं. सावड मोडली. मला दोघांच्या दारी जायला दोन उन्हाळे लागले. दत्तराव ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बाई, हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर एका चहात मिटलं असतं." बळीराम नुसता "बरं" म्हणाला. आता लग्नाकार्यात दोघं एकमेकांना रामराम घालतात. पण सावड पुन्हा झाली नाही. एकाच बांधाच्या दोन्हीकडं दोन ट्रॅक्टर चालतात.

तेव्हापासून दुकानात कुणी काही विचारलं की माझं एकच वाक्य, आधी उघडू, मग बोलू. लोकांना वाटतं ही बाईची सवय आहे. ती माझी शिक्षा आहे.

आता यंदाच्या नागपंचमीच्या सुमाराची गोष्ट. उत्तमराव हे दीड कोसावरच्या गावचे. पंधरा वर्षं नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. त्यांची लेक सविता सोनपेठकडं, गोदाकाठच्या बागायतदाराच्या घरात दिलेली. व्याह्याला आमच्याकडं ईवाई म्हणतात, विहिणीला ईनबाई. या ईवायांनी नवी गाडी घेतली आणि आपली वापरलेली उत्तमरावांना दिली. उत्तमरावांच्या घरातली ही पहिली चारचाकी. पंचमीला लेक याच गाडीतून माहेरी आणायची, असं त्यांच्या मंडळींनी, कौसाबाईंनी, ठरवून टाकलेलं. आमच्याकडं पंचमीला लेक माहेरी आली नाही तर गाव विचारतं, काय बिनसलं.

गाडी आणून तीन दिवस झाले आणि समोर लाल दिवा लागला तो विझेना. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढं गोल पिशवी, असं त्याचं चित्र असतं. ती एअरबॅग. स्टेअरिंगच्या पोटात घडी घालून ठेवलेली असते, जोराची धडक बसली की पापणी लवायच्या आत फुगते आणि माणसाचं तोंड-छाती वाचवते. तिचा दिवा लागून राहिला तर धडकेत ती फुगेल याचा भरवसा नाही. उत्तमरावांनी गाडी परभणीला एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसानं लांबूनच बघून सांगितलं, "ठोकलेली गाडी तुमच्या गळ्यात मारली."

उत्तमरावांनी तिथूनच सोनपेठला फोन लावला. "ईवाई, सोयऱ्याला फुटकी गाडी देतेत व्हय?" पलीकडून ईवाई म्हणाले, "गाडी आणून दारात लावा आन् पुन्यांदा फोन करू नका." दुसऱ्या दिवशी सवितानं आईला सांगितलं, "माय, पंचमीचं काई खरं न्हाई. मामंजी जेवायला बसले की घरात ताटाचा आवाज येतो, माणसाचा येत न्हाई."

त्यानंतर नवरा-बायको माझ्याकडं आले. कौसाबाई बाकड्यावर बसल्या, पदर तोंडाला. उत्तमराव उभेच.

"वायरमनबाई, बघायचं काई न्हाई. फकस्त कागदावर लिवून द्या, गाडी ठोकलेली हाय म्हणून. सोयरीक जमवणाऱ्या माणसापुढं ठिवायचंय."

"देते लिहून. आधी उघडू, मग बोलू."

"उघडायचं काय त्यात? परभणीच्या माणसानं सांगितलं की."

"त्यानं उघडली व्हती का?"

"न्हाई."

"मंग त्यो जोतिषी हाय, मिस्त्री न्हाई," खुर्चीतून आवाज आला.

उत्तमराव हसले नाहीत. गाडीच्या टपावर हात ठेवून हळू म्हणाले, "ऊस तोडणाऱ्याला काय कळतंय, असं वाटलं असंल त्यास्नी."

तेव्हा मला कळलं, हा माणूस दिव्यावरून पेटलेला नाही. माझ्या हातात कागद आणि पेन होतं. दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्या पोरीचं माहेर त्याच दिवशी तुटलं असतं.

ठोकलेली गाडी लपत नाही. पुढच्या पत्र्याचे बोल्ट बघायचे, त्यांच्यावर पाना फिरलेला असला की रंग उडतो. सीटचा पट्टा पूर्ण ओढून बघायचा, धडक खाल्लेला पट्टा नीट आत जात नाही. स्टेअरिंगचं झाकण, डॅशबोर्डची फट. मी सगळं बघितलं. सगळं जागेवर, जसं कंपनीतून निघालं तसं. मग स्कॅनर लावला. तो गाडीशी बोलून दुखणं सांगतो. त्यानं सांगितलं, ड्रायव्हरच्या सीटखालून जाणारी एअरबॅगची वायर.

एवढ्यात मिस्त्री म्हणाले, "ऐकलं का. गाडी इथं थांबली तवा ब्रेकसरशी ड्रायव्हरच्या बुडाखाली काय गडगडलं?"

एअरबॅगच्या वायरी पिवळ्या असतात. पिवळ्या वायरीला उगं हात लावायचा नाही आणि टेस्टर तर कधीच नाही, पिशवी तोंडावर उडते. मी आधी बॅटरी सोडली, एक चहा होईल एवढा वेळ थांबले. मग सीट मागं सरकवून खाली हात घातला. हाताला मऊ कापड लागलं, आत काहीतरी गोल आणि टणक.

बाहेर काढलं. हिरव्या खणात गुंडाळलेला नारळ.

सीटखाली टॉर्चचा उजेड टाकला तर पिवळा प्लग अर्धा उपसलेला. ब्रेक मारला की नारळ पुढं, गाडी सुटली की नारळ मागं. तीन दिवस धडका खाऊन प्लग सैल झालेला.

कौसाबाई बाकड्यावरून उठल्या. "अगं बाई. त्यो म्या ठिवलाय."

उत्तमरावांनी मान वळवली. "तू?"

"ईनबाईनं ओटीत घातला व्हता की, गाडी देताना. चावी तुमच्या हातात दिली आन् माझी ओटी भरली. म्हणलं, फोडायचा कशाला, एवढ्या मायेनं दिलाय. तुमच्या बुडाखाली ठिवला. राखण करील म्हणलं."

मिस्त्री खुर्चीतून म्हणाले, "राखणदारानंच राखण बंद पाडली म्हणा की."

मी प्लग दाबला, टक्क वाजलं. वायर सीटच्या खालच्या पट्टीला धरून टेप लावली, टेपवर दोरा, सात वेढे. बॅटरी जोडली, स्कॅनरनं जुनं दुखणं पुसलं आणि उत्तमरावांना म्हणलं, "आता तुमी चावी फिरवा." दिवा लागला. कौसाबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. मी मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. दिवा विझला.

उत्तमराव स्टेअरिंगवर हात ठेवून तसेच बसले. म्हणाले, "आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

मग मी त्यांना दत्तराव आणि बळीरामची गोष्ट सांगितली. दोऱ्यासकट सांगितली. गिऱ्हाइकापुढं मी ती पहिल्यांदाच सांगत होते. म्हणलं, "मी दोन उन्हाळे गेले न्हाई. तुमी आज जावा."

"जाऊन बोलू काय?"

"कागद पायजे व्हता ना तुमाला." मी लिहिलं: गाडी उघडून बघितली. कुठंही ठोकलेली नाही. पिशव्या जागेवर आहेत. दोष, ड्रायव्हर सीटखाली नारळ. नारळ काढला. खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला.

उत्तमरावांनी वाचलं. "नारळ लिवायलाच पायजे का?"

"लिहायलाच पायजे."

कौसाबाई म्हणाल्या, "माझं नाव लिवा बाई. कौसाबाईनं ठिवला म्हणून लिवा."

"नको. नारळाचंच नाव पुरं."

ते गेले. त्यानंतर चार दिवस काही कळलं नाही. फोन करावा वाटायचा, पण मधे पडून माझं तोंड एकदा पोळलेलं. त्यांच्या गाडीसारखी पांढरी गाडी आली की मान वर व्हायची. मिस्त्रींना न बघता कळायचं. म्हणायचे, "ती न्हाई. ही डिझेल हाय."

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी एका रिक्षाचा हॉर्न उघडून बसलेली. मिस्त्री खुर्चीत सरळ झाले. "आली. आन् काई गडगडत न्हाई."

गाडी दारात थांबली. मागच्या दारातून एक पोरगी उतरली, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला घाम. कौसाबाईंचंच नाक. सविता. तिनं मिस्त्रींच्या पाया पडून सांगायला सुरुवात केली, बसली पण नाही.

"बाबा अंगणात हुबे राह्यले आन् नुसता कागद पुढं केला. मामंजीनं वाचला. चष्मा लावून पुन्यांदा वाचला. मंग आत हाक मारली, 'अगं ये, तुझ्या नारळानं काय पराक्रम केला बघ.' आत्याबाई बाहेर आल्या. त्यास्नी आधी कळंना. कळलं तवा खांबाला धरून हासल्या. मंग मामंजी बाबाला म्हणले, 'ईवाई, मीबी इचारायला पायजे व्हतं, दिवा कवा लागला म्हणून. मला राग आला.' एवढंच. मंग जेवायला बसले दोघं."

"कागद कुठं हाय?" मी विचारलं.

"मामंजीच्या खिशात. आल्या-गेल्याला दावायलेत."

गाडीतून कौसाबाई उतरल्या, हातात ताट. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. "ईनबाईनं धाडलंय. वायरमनबाईची ओटी भरून मगच पुढं जावा म्हणल्या."

मी म्हणलं, "हात बघा माझे." दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे.

"हातात कोण घालायलंय? पदर पसरा."

इतक्या वर्षांत या दुकानात मला शिव्या मिळाल्या, शाबासकी मिळाली, उधारीही मिळाली. ओटी कुणी भरली नव्हती. मी वायरमन झाले तेव्हापासून बाया मला दुकानात बाई धरायच्याच नाहीत, घरी गेल्यावर धरायच्या. मी बोटांच्या टोकांनी पदर धरला. लेकीनं आणि आईनं मिळून ओटी भरली. मिस्त्री खुर्चीतून म्हणाले, "एवढा सीटखाली ठिवू नका म्हणजे झालं."

ते गेल्यावर मी नारळ घरी नेला, देवापुढं ठेवून फोडला. ओटीचा नारळ घराबाहेरच्याला देत नाहीत, असं माझी सासू सांगायची. तरी मी अर्ध्या वाटीचे तुकडे केले, गुळाचा खडा घेतला आणि पंचमीच्या दिवशी निघाले.

दत्तराव ओसरीवर बसलेले. तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. विचारलं, "कशाचा?" मी सगळं सांगितलं. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावत बसले.

"बळीरामला दिला का?"

"तिकडूनच आले."

"काय म्हणला?"

"बरं म्हणले."

दत्तराव बांधाकडं बघत होते. मग म्हणाले, "त्याचे दात गेलेत. त्याला बारीक करून द्यायचा ना, बाई." आणि माझ्या हातातला उरलेला तुकडा घेऊन त्यांनी आत सुनेला हाक मारली, किसणी आण म्हणून.